चौथा आलेला घोडा

“ताई, पहिल्यांदाच आलात ना?” महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला हे विचारले, तेव्हा मी नुकतीच जिंकले होते. मी ज्या घोड्यावर पैसे लावले होते तो पहिला आला होता, त्याचे तिकीट माझ्या मुठीत घामाने मऊ पडले होते, आणि वर्षानुवर्षे वर्गातल्या मुलांना आवाज खाली ठेवा म्हणून सांगणारी मी भर गर्दीत “तीन नंबर, तीन नंबर” असे ओरडून मोकळी झाले होते. हरलेल्या माणसाचे नवखेपण त्याच्या चेहऱ्यावर दिसत असेल, हे मी समजू शकते. जिंकलेल्याचे कसे दिसते? बरे, ओरडत तर सगळेच होते. माझ्या डावीकडचा टाय लावलेला मनुष्य तर हातातले रेसबुक गुंडाळून स्वतःच्याच मांडीवर असे मारत होता, की जणू घोडा तोच होता. तरीही त्या गृहस्थांनी नेमके मलाच ओळखले. महालक्ष्मीहून दादर आणि दादरहून ठाणे, या सगळ्या प्रवासात मी त्यांच्या उत्तराचाच विचार करीत होते, कारण त्यांनी उत्तरही दिले होते. फक्त ते मला तेव्हा नीट कळले नव्हते.

मी तेथे गेले ते कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून, जानेवारीतल्या एका रविवारी. मी कनिष्ठ महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवते, आमच्या घरात पैसा म्हणजे मुदत ठेव आणि फार तर पोस्टाचे बचत प्रमाणपत्र, आणि माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले आहे. त्या चाळीत ‘रेस’ हा शब्द मोठी माणसे आवाज उतरवून उच्चारीत. मटका हा नाक्यावरचा उघड व्यवहार होता. ओपन काय आला आणि क्लोज काय आला हे दूध आणायला गेलेल्या पोरांनाही माहीत असे. रेसचे तसे नव्हते. रेसला जाणारा माणूस रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा जिना उतरत असे. आमच्या मजल्यावरचे एक काका असे जात. ते गिरणीत होते, माझे वडील त्याच गिरणीत कारकून होते, त्यामुळे काकांचा पगार किती हे आमच्या घरी रुपया-आण्यासह ठाऊक होते. जिंकले की ते सगळ्या मजल्यावरच्या मुलांना बटाटेवडे आणीत, आणि त्या वड्यांच्या तेलकट कागदाचा वास मला आजही आठवतो. काकूही वडा खात, पण त्यांच्या चेहऱ्यावर कधी काही उमटल्याचे मला आठवत नाही. त्या वड्यांची किंमत त्यांनी आधीच्या कित्येक रविवारांच्या खात्यातून वजा करून ठेवलेली असावी, असे मला आता वाटते.

आई म्हणे, “घोड्यावर पैसे लावण्यापेक्षा घोडा घ्यावा, निदान टांगा तरी चालवता येईल.”

तर असा वारसा घेऊन मी फाटकातून आत शिरले. डॉक्टर ई. मोझेस मार्गावरून बसने जाताना भिंतीपलीकडे जो हिरवा तुकडा क्षणभर दिसून नाहीसा होई, तो आतून पाहिल्यावर मी थोडी दबूनच गेले. मुंबईत इतके आकाश एकसलग दिसत नाही. १८८३ साली दलदलीच्या सपाट जमिनीवर हे मैदान आखले गेले. त्यापूर्वी शर्यती भायखळ्याला होत. दोनशेहून अधिक एकरांचा तो विस्तार, त्याभोवती २४०० मीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी, आणि तिच्या पलीकडे जेथे पूर्वी गिरण्यांची धुराडी दिसत, तेथे आता काचेचे मनोरे. त्यांतल्या एखाद्या मनोऱ्याच्या जागी माझे वडील खतावणी लिहीत बसत. समोर घोडे येत होते आणि मी मात्र तो मनोरा कोणता हे शोधण्यात काही वेळ घालवला.

सहकाऱ्याने मला प्रथम पॅडॉककडे नेले. शर्यतीआधी सईस घोड्यांना लगाम धरून तेथे गोल फिरवतात आणि खेळणारे कठड्याला रेलून त्यांना निरखतात. घोडा इतक्या जवळून मी पूर्वी फक्त चौपाटीवर पाहिला होता, आणि तो व हा एकाच जातीचे प्राणी आहेत यावर विश्वास बसत नव्हता. कातडीखाली शिरा उठून दिसत होत्या, उन्हात पाठीवरची लव तांब्यासारखी चमकत होती, आणि हवेत गवत, घाम व चामड्याला लावलेल्या तेलाचा मिळून एक जड, ऊबदार वास होता. मला अर्थातच चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा आवडला. गावाकडे आजोबा त्याला शुभ म्हणत. सहकारी म्हणाला, “मॅडम, रंग बघू नका, घाम बघा.” जो घोडा धावण्याआधीच मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये फेसाळला आहे, तो आपली शक्ती येथेच खर्च करतो आहे, असे त्याचे म्हणणे. माझा पंचकल्याणी फेसाळलेला होता. मी शुभशकुन बाजूला ठेवला.

रेसबुक हे प्रकरण मला, खरे सांगायचे तर, घोड्यांपेक्षा जवळचे वाटले, कारण ते म्हणजे बारीक टाइपातले एक हिशेबपुस्तकच आहे. प्रत्येक घोड्याचे वय, त्याचे आई-बाप, मालक, ट्रेनर, जॉकी, मागच्या शर्यतींतले क्रमांक, आणि एक आकडा वजनाचा. त्या वजनाने मला थांबवले. आपल्याला वाटते की सर्वांत वेगवान घोडा जिंकावा म्हणून शर्यत लावतात. प्रत्यक्षात बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात: ज्याने पूर्वी चांगली कामगिरी केली आहे त्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचे, ज्याने केलेली नाही त्याला हलके सोडायचे. जॉकीचे वजन कमी पडले तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात, आणि शर्यत संपल्यावर जॉकीला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभे करतात. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे स्वप्न असे, की सगळे घोडे एकाच रेषेत शेवटच्या खांबाशी पोहोचावेत. म्हणजे एकीकडे एक मनुष्य सर्व घोड्यांना समान करण्यासाठी डोके लढवतो आहे, आणि दुसरीकडे हजारो माणसे त्याच्या गणितात राहिलेली फट शोधत आहेत. आयकर विभाग आणि कर सल्लागार यांचे नाते मला माहीत होते. येथे त्याचीच दुसरी आवृत्ती चार पायांवर चालली होती.

खिडकीपाशी पोहोचले तेव्हा आतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, “विन की प्लेस?” विन म्हणजे घोडा पहिलाच यायला हवा. प्लेस म्हणजे मैदानात पुरेसे घोडे असतील तर पहिल्या तिघांत आला तरी चालेल, मात्र परतावा कमी. मागे रांग होती, रांगेत चुळबुळ होती, आणि माझ्यासारख्या स्वभावाच्या व्यक्तीने प्लेस म्हणायला हवे होते. मी विन म्हटले. का म्हटले ते मला सांगता येत नाही. बहुधा त्या बाईंनी मान वर केली नाही म्हणून. घोडा मात्र मी फेवरिट निवडला, म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त लोकांनी पैसे लावले होते तो. धाडस आणि भित्रेपणा यांचे असे मिश्रण मी आयुष्यात इतर ठिकाणीही केलेले आहे.

टोट म्हणजे रेस क्लबच्या खिडकीवर पैज लावण्याची पद्धत. तिची रीत समजली तेव्हा मी काही मिनिटे शर्यत विसरून गेले. खिडकीच्या पलीकडे माझ्याविरुद्ध पैज घेणारा कोणीच नसतो. एका प्रकारच्या पैजेचे सगळ्यांचे पैसे एका डबोल्यात जमा होतात, त्यातून क्लबचा वाटा आणि सरकारी कर वजा होतो, आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटले जाते. समजा डबोल्यात एक लाख जमले, वजावट होऊन ऐंशी हजार उरले, आणि जिंकलेल्या घोड्यावर चाळीस हजार लागलेले होते, तर रुपयाला दोन रुपये मिळतील. त्याच घोड्यावर चारच हजार लागलेले असते तर रुपयाला वीस. घोडा तोच, धाव तीच. भाव बदलतो तो इतरांनी त्याच्याबद्दल काय मत केले यावरून. ही पद्धत जोसेफ ओलेर नावाच्या गृहस्थाने १८६७च्या सुमारास पॅरिसमध्ये काढली. बुकीकडे लावले तर लावताना जो भाव ठरला तोच मिळतो. टोटवर खिडकी बंद होईपर्यंत आकडे हलत राहतात आणि खरा भाव नंतरच कळतो. मला त्यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटली. येथे घोडा ओळखून भागत नाही. तो इतरांच्या आधी, किंवा निदान इतरांना ओळखता आला नसताना, ओळखावा लागतो. मी फेवरिटवर पैसे लावले होते, म्हणजे मी फक्त गर्दीशी सहमत झाले होते, आणि त्या सहमतीचे जे काही मिळायचे ते गर्दीतच वाटून घ्यायचे होते.

शर्यत १२०० मीटरची होती. सुरुवात पलीकडच्या बाजूला, इतकी दूर, की दुर्बिणीशिवाय काही रंगीत ठिपके तेवढे दिसतात. मग ध्वनिक्षेपकावरचा आवाज बदलतो, गर्दी आधी कुजबुजते, ठिपके वळणावर एकमेकांत मिसळतात, आणि समोरच्या सरळ पट्ट्यावर आल्यावर ते अचानक घोडे होतात. तोपर्यंत मी केवळ पाहत होते. पण खुरांचा आवाज आधी पायांखाली जाणवला आणि नंतर कानांवर आला, त्या क्षणी माझ्यातले कोणीतरी ओरडू लागले. साधारण सत्तर सेकंदांचा सगळा खेळ. तीन नंबर मानेच्या अंतराने जिंकला, आणि मी तिकीट घेऊन खिडकीकडे पळणार, एवढ्यात तो प्रश्न आला.

“कसे ओळखलेत?” मी विचारले.

“तुम्ही शेवटपर्यंत तुमचाच घोडा बघत होतात,” ते म्हणाले. “आणि आता घाई करू नका. अजून निकाल पक्का झालेला नाही. कुणाची हरकत आली तर नंबर बदलतो. तिकीट नेहमी हातात ठेवायचे.” जमिनीवर फाटलेल्या तिकिटांचा थर साचला होता, त्याकडे त्यांनी चपलेच्या टोकाने निर्देश केला. मग गळ्यातली दुर्बीण खाली सोडून त्यांनी खिशातून शाळकरी मुलांकडे असते तसली छोटी वही काढली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिले. मी वाकून पाहिले. चौथ्या आलेल्या घोड्याची नोंद होती. सहा नंबर, आतल्या बाजूला अडकला, दोनशे मीटरवर वाट मिळाली, शेवटी सर्वांत जोरात येत होता, जॉकीने चाबूक वापरला नाही. मी त्या घोड्याला पाहिलेही नव्हते. माझ्यालेखी शर्यतीत एकच घोडा होता. त्यांनी पहिल्या घोड्याबद्दल एक अक्षरही लिहिले नाही, कारण तो जिंकल्याचे आता सगळ्यांनाच ठाऊक झाले होते, पुढच्या वेळी त्याच्यावर वजन वाढणार होते आणि भाव पडणार होता. चौथ्याबद्दलची गोष्ट मात्र फार थोड्यांच्या वहीत गेली असणार.

निकाल पक्का झाला. मला जे मिळाले त्यात आम्हा दोघांचा चहा आणि सामोसे आले, आणि थोडे उरले. ते गृहस्थ लालबागचे नव्हते, गिरगावचे होते, बँकेतून निवृत्त झालेले, आणि चाळीसहून अधिक वर्षे येथे येत होते. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी, म्हणजे मोसमातली सर्वांत मानाची शर्यत, त्या दिवशी घरात कोणाचे लग्न असले तरी ते ठरलेले. त्यांनी मला मोठमोठे घोडे सांगितले. तेवीस शर्यतींपैकी बावीस जिंकलेल्या एल्युसिव्ह पिंपर्नेलविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा खाली गेला, आणि हरलेली ती एक शर्यत आपण कशी पाहिली हे ते बावीस विजयांपेक्षा जास्त वेळ सांगत राहिले. ऐकताना मला वाटले की हा माणूस जुगारी नाही, अभ्यासक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली मद्रास रेस क्लबच्या खटल्यात असेच काहीसे म्हटलेले आहे: घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणे हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. आमच्या चाळीतल्या काकांना हे कळले असते तर त्यांनी तो निकाल चौकटीत लावून भिंतीवर टांगला असता.

मग माझ्यातल्या शिक्षिकेने विचारायला नको तो प्रश्न विचारला. “एवढ्या नोंदी ठेवता, तर लावले किती आणि आले किती, तेही लिहीत असाल ना?”

ते हसले. वही खिशात ठेवली. “तो घरचा विषय,” म्हणाले, आणि दुर्बीण उचलून पुढच्या शर्यतीचे घोडे पाहू लागले.

ज्या माणसाला कुठल्या घोड्याला कुठल्या वळणावर वाट मिळाली नाही हे वर्षभराने सांगता येते, त्याच्याजवळ एक बेरीज नव्हती, किंवा होती आणि ती वहीबाहेर ठेवलेली होती. मला काकूंचा तो काही न उमटणारा चेहरा आठवला. कौशल्य खरे आहे, यात मला शंका नाही. मी ते डोळ्यांनी पाहिले. पण डबोल्यातून वजावट आधी होते आणि वाटप नंतर, हेही तितकेच खरे आहे, आणि ती वजावट अभ्यासकाला सवलत देत नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, २०२५च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. इतक्या वजनाचे शिसे कोणत्याही घोड्याच्या खोगिरात घालत नाहीत. याचा परिणाम म्हणून लोक खेळायचे थांबतात असे नाही. ते पावती न देणाऱ्या माणसाकडे फोनवरून खेळतात, आणि मग खिडकीही राहत नाही आणि मानही वर न करणाऱ्या बाईही राहत नाहीत. कर लावणाऱ्यांना जुगार कमी करायचा आहे की त्यातला वाटा हवा आहे, हे मला त्या दरांवरून ठरवता आलेले नाही.

आणि तरी त्या जागेबद्दल माझे मन दोन बाजूंना ओढले जाते. आमच्या गावाकडे बैलगाडा शर्यती २०१४पासून बंद होत्या, आणि २०२१च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा माझ्या मामेभावाने रात्री अकरा वाजता फोन करून आनंद कळवला होता. त्या काळात रेसकोर्स बंद नव्हते. घाटात बैल पळाला की क्रौर्य आणि महालक्ष्मीला घोडा पळाला की क्रीडा, ही वाटणी मामेभावाला खुपे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चाबूक दोन्हीकडे आहे. पायाचे हाड मोडलेल्या घोड्याचे पुढे काय होते, हे मी त्या गृहस्थांना विचारले नाही, आणि विचारले नाही याचे कारण मला उत्तराचा अंदाज होता. २०२४च्या करारात तेथली १२० एकर जागा शहराच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर शर्यतींसाठी ठरली. पहाटे तेथे चालायला येणाऱ्यांना त्याची चिंता आहे, क्लबच्या सभासदांना वेगळी चिंता आहे. वडील ज्या गिरणीत होते तिच्या जमिनीचे काय झाले ते पाहिलेल्या मला ‘उद्यान’ म्हटले की आनंद होतो आणि लगेच संशयही येतो.

पण मला खरोखर अस्वस्थ केले ते नंतरच्या आठवड्यांनी. जिंकलेल्या पैशांची मला ओढ लागली नाही. ते सामोशांतच संपले होते. वर्तमानपत्रात शर्यतींचे पान असते हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते. एका सकाळी ते पान उलटताना त्यात सहा नंबरच्या त्या घोड्याचे नाव दिसले आणि माझ्या छातीत जे झाले, ते ओळखीचे माणूस अनोळखी गावात भेटल्यावर होते तसे होते. मला या घोड्याबद्दल काहीतरी माहीत होते. तो चौथा आला असे छापलेले होते; तो अडकला होता, असे छापलेले नव्हते. पान उघडणाऱ्या इतक्या लोकांपेक्षा आपल्याला एक गोष्ट अधिक ठाऊक आहे, ही भावना सबंध पदवीच्या अभ्यासक्रमाने मला कधी दिली नव्हती. काकांना रविवारी जिन्यावरून उतरवणारी गोष्ट पैशांची होती असे आम्ही सगळे मानत आलो. आता मला वाटते की गिरणीत ज्याचे मत कोणी विचारत नव्हते, त्या माणसाला आठवड्यातून एकदा स्वतःचे मत असण्याची आणि ते खरे ठरण्याची शक्यता हवी असेल. काकूंच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही, हेही मला कळते.

घरी मी हे यजमानांना सांगितले. ते म्हणाले, “जायचे तर जा, पण रक्कम आधी ठरव आणि लिही.” ती मी लिहिली आहे, वहीच्या शेवटच्या पानावर, नावे आणि जमा असे दोन रकाने आखून. पहिल्या पानांवर घोडे आहेत. सहा नंबरचा घोडा या रविवारी पुन्हा धावतो आहे. यावेळी अंतर १६०० मीटर आहे, म्हणजे शेवटी जोरात येणाऱ्याला सोयीचे. वजन मात्र दीड किलोने वाढले आहे, जॉकी बदलला आहे, आणि सहकाऱ्याचे म्हणणे असे की मागच्या वेळी तो अडकल्याचे आता बऱ्याच जणांच्या लक्षात आले असावे, त्यामुळे भाव काही चांगला मिळणार नाही. प्लेस घ्यावे की थांबून त्याला आणखी एकदा पाहावे, याचा मी अजून विचार करते आहे.